शेंदराखालच्या तीन ओळी

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती वारली तेव्हा तर आता सांगावं लागणार नाही, सुटलो असं वाटलं, इतका मी हलका माणूस.

उमरोळीजवळच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो. आमच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा जुन्या राज्यावर पुस्तक लिहीत होतो. शेजारच्या साम्राज्यात दोघे भाऊ गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठले, आणि तेवढ्यात आमच्या राजानं एडवणपासून डोंगरापर्यंतची गावं खिशात घातली — हे मला सिद्ध करायचं होतं. पुरावा? तो जवळच्या पाड्यावरच्या देवाच्या दगडावर, शेंदराच्या बोटभर थराखाली होता. कडेला दोनच अक्षरं दिसायची. त्यांनी मला वर्षभर चैन पडू दिली नाही.

शाळेत लखमी खिचडी शिजवायची. त्याच पाड्यातली, विधवा. दिवाळीनंतर पाडा मजुरीला वीटभट्ट्यांवर गेला, दोन-तीन म्हातारी माणसं उरली. राजानंही अशीच वेळ साधली होती ना? मी तिला शेंदूर काढायला सांगितलं.

"सर, आमचा देव हाय तो," ती म्हणाली.

देव दगडात नसतो, मी म्हटलं. मोठा शहाणा मी. तिनं गरम पाणी ओतून खिचडीच्या उलथन्यानं शेंदूर खरवडला. खाली तीन ओळी निघाल्या — राजाचं नाव, त्यानं घेतलेल्या गावांची नावं. मला नाचावंसं वाटलं.

शिमग्याला माणसं परतली. उघडा दगड पाहिला, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी लखमीचं नाव सांगितलं, तशी सगळी शाळेत आली. "कुनी सांगला तुला?" तिचा दीर विचारत राहिला. ती फक्त माझ्याकडे पाहत होती. मग त्यानं मला विचारलं, आणि मी — मी म्हणालो, मला यातलं काही माहीत नाही.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या. फार तर पुस्तक लिहायचं राहिलं असतं.

पाड्यानं तिच्या हातचं पाणी बंद केलं. खिचडीचं कामही गेलं. ती बोईसरला एका कारखान्यात झाडू मारायला लागली. माझं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. का? मला वाटतं, मीच सांगेन म्हणून ती थांबली होती.

पुस्तक निघालं, सत्कार झाला. पुस्तकासाठी काढलेल्या फोटोत दगडाशेजारी ते उलथनं पडलेलं दिसत होतं. तेवढा भाग मी कापला.

गेल्या वर्षी ती वारली. बोईसरला ती राहायची त्या चाळीतल्या चार हिंदी बोलणाऱ्या कामगारांनी तिला खांदा दिला. पाड्यातून एकटा दीर आला होता, तोही रस्त्यापलीकडेच थांबला — मी उभा होतो तिथून हातभर अंतरावर. तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्याला पालघरची गाडी किती वाजता आहे एवढंच विचारलं, आणि स्टेशनकडे निघालो.