तात्या आणि गारठ्यातली करकर

तात्यांच्या गॅरेजात ऊन वर आल्यावर गाडीचं रडगाणं कुणी ऐकून घेत नसे. गाडी आदल्या संध्याकाळी आणून उघड्यावर सोडायची आणि दिवस उगवायच्या आत हजर व्हायचं. "आवाज गारठ्यात बोलतो बाई, उन्हात गप हुतो," ते म्हणत. पळसदेवात पाण्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. हिवाळ्यात उजनी धरणाच्या पाण्यावरून धुकं चढत यायचं आणि त्यात कानटोपी घातलेले तात्या एखाद्या जीपवर हात टेकून, डोळे मिटून उभे असायचे. झोपलेत की काय, असं मला नेहमी वाटे.

झोपलेले नसत. गाडीचं नाक दाबायचं, सोडायचं. करकर आली की चाकामागच्या लोखंडी सांध्यांत बसवलेल्या रबरी बुशांवर एकेक करून कोमट पाण्याची धार धरायची. थंडीत रबर आखडतं आणि लोखंडाला घासून ओरडतं. ज्या बुशावर पाणी पडल्यावर गाडी शांत व्हायची, तो बदलायचा. सगळं सावकाश चाले. त्या धुक्यात तिसरा माणूस नसे, घड्याळही नसे, आणि मला घरी जावंसं वाटत नसे.

मी त्यांच्याकडे गेले ते अण्णांमुळे. माझे वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. व्यायामासाठी त्यांना बारामतीला न्यावं लागे. पहाटे निघताना गाडी प्रत्येक खड्ड्यात करकरायची आणि अण्णा डाव्या हातानं दार बडवायचे. जन्मभर यंत्रं शांत ठेवणाऱ्या माणसाला ते सहन होत नव्हतं. शेवटी त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायाम चुकले तर हात कायमचा जाईल.

बारामतीच्या मेकॅनिकांना काही सापडेना, कारण तिथे पोचेपर्यंत ऊन व्हायचं. मग मी शहाणपणा केला. हंगामाआधी आमच्याकडे उसाच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे जुन्या ऑइलनं माखतात, तसे मी गाडीचे बुश माखले. दोन दिवस शांतता, नंतर रबर फुगून दुप्पट करकर. तात्यांनी बोटानं ते ऑइल पुसलं आणि मला दाखवलं. "लोखंडाला तेल पाजा, बाई. रबराला त्ये इख हाय." मी शाळेत ज्या मुलांना रागावते, त्यांच्यासारखी त्या दिवशी मान खाली घालून उभी राहिले.

गाडी तिथेच सोडून मी निघाले, तेव्हा त्यांनी अण्णांची चौकशी केली आणि सकाळी त्यांना चालवत घेऊन या म्हणाले.

काठी टेकत आम्ही पोचलो तेव्हा दोन हातांवरचं दिसत नव्हतं. तात्यांनी अण्णांना चाकाजवळ स्टुलावर बसवलं. "मिस्त्री, गारठ्यानं माझं हात बधिर झाल्यात. कुठला बुश हाय, कळंना झालंय. तुमी बघता का?"

अण्णांनी डावा पंजा आत घातला. तात्या गाडी दाबत राहिले. एका ठिकाणी अण्णांचा हात थांबला, सरकला, परत तिथेच आला. त्यांनी तात्यांचं मनगट घट्ट धरलं. तात्यांनी तिथं पाणी ओतलं आणि गाडी गप्प झाली.

मी मात्र त्यांनी पाणी ओतण्याआधीच खाली बघितलं होतं. बाकीची माती कोरडी होती आणि त्याच बुशाखाली आम्ही यायच्या आधीपासून पाण्याची ओल होती, गारठ्यात अजून न वाळलेली. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कानटोपी सारखी केली. मला रडू आलं. ते धुक्यात खपून गेलं.

नवे बुश बसल्यावर अण्णा आपणहून गाडीत बसले. व्यायाम सुरू राहिले, हात पुष्कळ सुधारला, अडखळत का होईना शब्दही परत आले.

मागच्या हिवाळ्यात तात्या गेले. अण्णा माझ्याबरोबर त्यांच्या घरी आले. ओट्यावर बसलेल्या माणसांत कुणीतरी म्हणालं, असा कारागीर पुन्हा व्हायचा नाही. अण्णांनी मान हलवली, मग बराच वेळ शब्द जुळवत राहिले.

"कारागीर... मोठा. पर आमच्या गाडीचा... बुश... त्याला गावला न्हाय. मला गावला."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "तुमालाच गावला."