पडद्यावरचं देखणं मरण

बाईंनी उभी हयात कॉलेजात कविता शिकवली. त्यातही रोमँटिक कवींवर त्यांचा विशेष जीव. निवृत्त झाल्यावर त्या थोरल्या भावाच्या घरी, वहिनींच्या सोबतीला राहायला आल्या. दादा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दोघींचं छान जमायचं. स्वयंपाक वहिनींचा, बोलणं बाईंचं.

या कवींच्या आयुष्यावरचा सिनेमा लागला की बाई हटकून जायच्या आणि हिरमुसून परत यायच्या. कवी घोड्यावर बसतो, प्रेमात पडतो, वाऱ्यावर केस उडवतो. एका ओळीवर अडून बसलेला मात्र कधीच दिसत नाही, ही त्यांची कायमची तक्रार.

एकदा वहिनीही बरोबर गेल्या. या सिनेमातला कवी ऐन तारुण्यात क्षयाने जातो. बायकोचा हात धरून, अख्खी कविता म्हणून त्याने डोळे मिटले. थिएटरात मुसमुस सुरू झाली. बाईंना राहवेना.

"क्षयाचा रोगी म्हणे! उशीवर एक डाग नाही. असं कुणी मरतं का?"

पुढच्या रांगेतून हसू फुटलं. बाईंना चेव आला. घरी पोचेपर्यंत त्यांनी सिनेमाची पार सालटी काढली. वहिनींनी चहा टाकला, तेव्हाही त्यांचं चालूच होतं.

"वन्सं," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "कसं मरतात ते मला माहीत आहे. ह्यांच्या चादरी मीच धुवत होते. आज घटकाभर वाटलं, ह्यांनाही असं जाता आलं असतं तर. तेवढंच बघत होते मी."

दादाची छाती कफाने भरत होती, तेव्हा बाई परगावी परीक्षेचे पेपर तपासत होत्या. आल्या तोवर खोली धुऊनपुसून झाली होती. परक्या कवींचे शेवटचे दिवस त्यांनी वर्गाला डोळ्यांत पाणी आणून सांगितले होते. सख्ख्या भावाचे मात्र कधी विचारलेसुद्धा नाहीत.

मग त्यांनी स्वतःला घरकामाला जुंपून घेतलं. न सांगता भांडी घासू लागल्या, कपडे वाळत घालू लागल्या. शेवटी वहिनीच वैतागल्या.

"वन्सं, ही भांडी मला परत घासावी लागतात. त्यापेक्षा तुम्ही बोला."

बाई ओल्या हातांनीच खुर्चीवर टेकल्या. "दादा शेवटी काही म्हणाला का?"

"म्हणाले ना. खिडकी लाव, माश्या येताहेत." वहिनींना हसू आलं. बाईही हसल्या.

मग वहिनी भाजी निवडत सांगत राहिल्या: त्यांना बसवून पाणी कसं पाजावं लागे, डॉक्टरांवर ते कसे चिडायचे. बाई ऐकत होत्या. दादाने आपली आठवण काढली होती का, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. आणि वहिनींनीही ते आपणहून सांगितलं नाही.