आतून रंगवलेला ट्रक

सावद्याच्या तोतारामभाऊंची एकच इच्छा होती: आपल्या बागेतली केळी वडिलांच्या ट्रकमध्ये भरायची आणि स्वतः चालवत एकदा तरी इंदूरला न्यायची. वडील, उखर्डूआबा, जन्मभर तेच करत आले होते. आबा गेले आणि लांब नाकाचा तो ट्रक गोठ्यामागे बारा वर्षं उभा राहिला. टपावर कोंबड्या अंडी घालायच्या, बोनेटमधून एरंड उगवला होता. भंगारवाला दोनदा आला. भाऊंनी त्याला असा झापला की तिसऱ्यांदा त्यानं गल्लीच बदलली.

एकोणनव्वद साली भटू मिस्तरीनं तीन महिने खपून इंजिन चालू केलं. गल्लीभर काळा धूर झाला आणि भाऊ त्या धुरातच हात जोडून उभे. आता केळी भरा नि निघा की! पण छे, हौस कुठं गप्प बसू देते? धुळ्याहून अभिमन पेंटर आला. दीड महिना भाऊंच्या बायकोच्या, धुरपदाबाईंच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन त्यानं फाळक्यांवर मोर काढले. बाहेरून काय, सगळेच रंगवतात. भाऊंनी आतूनही रंगवून घेतला. माल ठेवायच्या फळ्यांवर चक्क कमळं!

"तठी कोण पाहीन? केळी?" धुरपदाबाईंनी विचारलं. भाऊंना बायकोच्या अरसिकपणाची कीव आली.

कापणीच्या दिवशी ट्रक ऐटीत बागेत गेला. मजुरांचा मुकादम छगन पहिला घड घेऊन चढला, आणि भाऊ ओरडले, "थांब!" ताज्या घडातून चीक गळत होता. कपडा फाटेल, पण त्या चिकाचा काळा डाग जायचा नाही, हे सावद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाऊ मात्र रंगाच्या नादात साफ विसरले होते. आधी त्यांनी पानं अंथरली, मग पोती, मग घरची गोधडी; तरी चीक झिरपेल म्हणून घड काही ठेवू देईनात.

"तोतारामभाऊ, केळी भरायची का पाहुणे बसवायचे?" छगन वैतागला. ऊन चढलं, घड बांधावर तापायला लागले. "रस्त्यावर दुसरी रिकामी गाडी उभी आहे. तिच्यात भरू?"

भाऊंनी उपरण्यानं एक कमळ पुसलं. "भरा तिच्यात," ते कसंबसं म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

धुरपदाबाईंना ते बघवेना. त्यांनी पदर खोचला, एक घड उचलला, वर चढल्या आणि त्याचा चिकाळ दांडा सगळ्यात मोठ्या कमळावरून खसाखसा घासला.

"अगं ए बाई!" भाऊ किंचाळले.

"पडला डाग. आता कशाले जपता? भरा रे!"

मजुरांनी तासाभरात ट्रक भरला. इंदूर येईपर्यंत भाऊ बायकोशी एक शब्दही बोलले नाहीत. पण नेलं मात्र तिला शेजारी बसवूनच.