लूमच्या आवाजात उजवा न्यूट्रिनो

भेस्तानला आमची खोली लूमच्या कारखान्याच्या डोक्यावरच होती. वडील खाली लूम चालवायचे, आई वर बसून साड्यांचे धागे कापायची. कामाची पाळी बुडाली की त्या दिवशीची भाजीही बुडायची. लूम सुरू असल्या की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून लूमवाली माणसं ओठ नुसते हलवतात, बाकीचं हातांनी सांगतात. मी बोलायला शिकले ती दोन्ही तऱ्हांनी.

घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. एमएस्सी झाले आणि पीएचडीची मुलाखत आली, ऑनलाइन. इथे जागा मिळाली नाही तर धागे कापायला बसायचं, हे ठरलेलंच होतं. कारखान्याला सुट्टी होती, म्हणून मी निर्धास्त.

पहिलाच प्रश्न माझ्या आवडीचा. न्यूट्रिनोला वस्तुमान कुठून येतं? मी सुटलेच. आपल्याला सापडतात ते सगळे न्यूट्रिनो डावे, म्हणजे एकाच बाजूला गिरकी घेणारे. त्यांना एक उजवा जोडीदार आहे असं मानलं, तर वस्तुमानाचं कोडं सुटू शकतं. हा जोडीदार ना प्रकाशाला दाद देतो, ना विजेला. गुरुत्वाकर्षण तेवढं मानतो. आणि तो पुरेसा हलका असला, तर विश्वाच्या सुरुवातीपासून आजवर टिकून असेल. म्हणजे दीर्घिकांना धरून ठेवणारं डार्क मॅटर कदाचित हेच...

तेवढ्यात खाली लूम सुरू झाल्या. काहीतरी तातडीची ऑर्डर असणार. मी थांबले नाही, रंगातच होते. पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा माइक बंद झालाय का?"

दारातून आई हसत ओरडली, "आवाज काढ ना व! त्या काय लूमवाला शेतस का?"

खरंच, पडद्यावरची माणसं लूमवाली थोडीच होती! माझे ओठ हलत होते, हात चालले होते, आणि आवाज कधीच गेला होता. मी काय झालं ते सांगितलं. सगळे हसले.

एक सर म्हणाले, "तुमचा उजवा न्यूट्रिनोही असाच दिसतोय. त्याला पकडणार कसा?"

"तो कधीतरी तुटतो, सर," मी लूमच्या वरताण ओरडले. "फार क्वचित. तेव्हा एक साधा न्यूट्रिनो निघतो आणि ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण. दुर्बिणी तोच शोधताहेत."

"सापडला?"

"खात्रीने नाही. म्हणून तर मला यायचंय."

मला जागा मिळाली. आज मी न्यूट्रिनोच्या वस्तुमानाशी जोडलेल्या डार्क मॅटरवर संशोधन करते.