एक चेहरा, दोन एअरब्रश

आम्ही भिलाईत आलो तेव्हा पोलादाचा प्लांट अर्धाच उभा होता अन् आमचं क्वार्टर त्याच्याहूनही नवं. भिंतीले पाठ टेकली की लुगड्याले चुना लागे. दिवसभर तिकडून ठोकाठोकी ऐकू येई अन् संध्याकाळी भोंगा वाजला की लाल मातीनं माखलेली माणसं सायकलीवर घरी येत. आमचे हे फिटर होते. मी घरी बसून फोटो रंगवत होती. कोणाच्या लग्नाचा काळा-पांढरा फोटो मिळाला की शालूले लाल, बांगड्यायले हिरवा रंग देऊन टाकी. छंद म्हणा. आमचे हे खूळ म्हणत.

त्या वर्षी माय कायमची माझ्याकडं राहायले आली. तिले काचबिंदू झाला होता. डॉक्टरनं साफ सांगून दिलं, गेलेली नजर परत येत नाही, अन् उरलेली फार दिवस टिकणार नाही. मायनं नुसती मान हलवली. मलेच राग आला. कोणाचा आला ते आजही सांगता येत नाही.

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. मी दोन वर्षांची असतानाच गेले, मले त्यायचं काहीच आठवत नाही. त्यायचा एकच फोटो होता, साहेबाची बदली झाली तेव्हा सगळ्या गँगचा काढलेला. मागच्या रांगेत बाबा उभे, अन् तोंड वाटाण्याएवढं. मायनं तो पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवला होता. मी मनाशी ठरवलं, मायची नजर जायच्या आधी बाबाचं तोंड माणसाएवढं मोठं करून तिच्यापुढं ठेवायचं. एवढं जमलं पाहिजे, बस.

दुर्गच्या एका फोटोवाल्यानं तेवढा चेहरा मोठा करून दिला. पण वाटाण्यातून किती निघणार? नाक कुठं, डोळे कुठं, एवढंच अंदाजानं समजे. फोटोवाला म्हणाला, इथं साधा ब्रश कामाचा नाही, एअरब्रश पाहिजे, त्याच्यातून हवेनं रंग उडते म्हणून ओरखडा दिसत नाही. तो दुकान बंद करून राहिला होता. त्याच्याजवळ दोन एअरब्रश होते. "दोनों ले जाओ बहनजी, आठ दिन चला के देखो. एक रखना, एक लौटा देना." आठ दिवसांनी तो गाव सोडून जाणार होता.

दोन्ही सारखेच दिसत. चांदीसारखे चकचकीत, पेनाएवढे, वर रंगाची इवलीशी वाटी, मागं हवेची नळी. फरक फक्त बटणात. एकाचं बटण दाबलं की हवा अन् रंग संगच निघे. दुसऱ्याचं दाबलं की नुसती हवा, मग मागं ओढावं तेवढा रंग. मी त्यायले नावंच पाडून टाकली, दाबायचा अन् ओढायचा.

हवेसाठी ह्यायनं ट्रकची जुनी ट्यूब शोधली, सायकलच्या दुकानात टम्म फुगवली अन् खांद्यावर टाकून आणली. रस्त्यानं लोक विचारून राहिले, काय भाऊ, पोहायले चालले का? माणूस तोंडानं कटकट करे, पण ट्यूब बसली की पुन्हा मुकाट्यानं भरून आणे, हे कबूल केलं पाहिजे.

चार-पाच दिवस मी जुन्या वहीच्या कागदावर हात बसवला. दाबायचा गुणी होता, सांगितलं तेवढंच करे, सगळीकडं सारखा नरम रंग टाके. ओढायच्यातून भुवईचा एकेक केस निघे, पण बोट जराक घसरलं की बद्दकन डाग. सकाळी मी म्हणू हा ठेवते, दुपारी म्हणू तो ठेवते. डोकं पिकून गेलं. इकडं माय भाजी निवडताना काडी अन् पान हातानं चाचपून पाहू लागली होती.

"अवं, एवढा विचार कावून करून राहिली?" आमचे हे म्हणाले. "आमच्या प्लांटच्या शॉपमध्ये दोन जातीचे वेल्डिंग रॉड आले की आम्ही एकाच प्लेटवर अर्धं-अर्धं मारून पाहतो. लगेच समजते."

"माझ्या बाबाचं तोंड तुमची लोखंडाची प्लेट आहे का?" मी अशी खेकसली की ते चहा घेऊन बाहेरच गेले.

पण दोनच दिवस उरले होते. शेवटी मी तेच केलं. पुठ्ठा कापून कपाळापासून हनुवटीपर्यंत बरोबर नाकावरून आडोसा धरला. डावी अर्धी दाबायच्यानं केली, उजवी ओढायच्यानं. अन् पुठ्ठा काढला तर अरे देवा! तोंडाची दोन माणसं झाली होती. डावीकडचा शांत, गरीब वाटे. उजवीकडचा तरतरीत, गालाचं हाड वर आलेला, डोळ्यात चमक असलेला. मोठा केलेला फोटो तर एकच होता, दुसरा काढून द्यायले फोटोवाला थांबणार नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला.

"प्लेटवर तर बरोबर समजते," आमचे हे हळूच म्हणाले.

"तुमी तर बोलूच नका!"

एक बाजू पुसून दुसरीसारखी करता आली असती. पण कोणत्या बाजूचे माझे बाबा, हे मले कुठं माहीत? ते एका मायलेच माहीत. मी फोटो घेऊन ओसरीत आली, मायले उजेडात बसवलं अन् फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

मायनं नाक कागदाले लागेल इतकं तोंड जवळ नेलं. मग एका हातानं उजवी बाजू झाकली अन् डावीवर बोट ठेवलं. "हे. हे तुझे बाबा."

"घ्या! दाबायचा," आमचे हे म्हणाले अन् सुटले एकदाचे.

मी म्हटलं, "माय, मग ह्या बाजूले काय चुकलं ते सांग. मी पुन्हा करते."

"चुकलं की नाही, मले काय माहीत?"

"अवं, पण तुझा नवरा ना तो!" माझा आवाज चढलाच.

माय हसली. म्हणाली, "एका खोलीत सासू, सासरे, मोठे दीर. डोक्यावरून पदर नाकापर्यंत. मान वर केली की सासू खाकरे. हे जेवायले भिंतीशी बसत, अन् मी चुलीपाशी. पदराच्या फटीतून ही एवढी बाजू दिसे. बाकी ते दिवसभर लायनीवर, अन् रात्री कंदील सासूजवळ. समोरून पाहायची पाळी आलीच नाही, पोरी. मग ते गेले."

बाबाचं तोंड मलेच तेवढं माहीत नाही, असं मी जन्मभर धरून चालली होती. ओढायचा ब्रश मी पुढं खूप वर्षं वापरला, पण तो त्या दिवशी निवडलेला नव्हता. त्या दिवशी मले ब्रश सुचतच नव्हते. तरी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग उद्या कोणता परत करू, माय?"

मायनं फोटोवरचा हात काढला. जावई समोर उभा असताना तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला अन् ती दुसरी बाजू पाहू लागली, कपाळापासून खाली, हळूहळू.

"अवं, एवढे चांगले दिसत होते का हे?" ती म्हणाली. मग माझ्याकडं न पाहताच म्हणाली, "कोणताही दे. आता मले पाहू दे."