सोमवारची डोकेदुखी

हे मी कोणापाशीच बोलली नाही. नवऱ्यापाशी नाही, जन्म देणाऱ्या आईपाशीही नाही. अजूनही ओसरीवर चार बाया जमून कुजबुजल्या की मी उठून आत जाते. आज सांगते — पण जरा थांबत थांबत सांगीन हं.

लग्न होऊन नदीकाठच्या कारध्याले आली तेव्हा या घरात फक्त चहा होता. कॉफी आणली मी. नागपूरले, माहेरी, मले सवय होती. सासूले एकदा गिलासभर करून दिली — दुधाची, गोड. मग काय! सकाळी कॉफी, जेवणावर कॉफी, दिवे लागले की कॉफी. "तुझ्या कॉफीनं अंगात जान येते वं सूनबाई," म्हणे. मी फुलून जायची.

पण सोमवारी सासूचा उपास. कडक — पाण्याचा थेंबही नाही. कित्येक वर्षं करत होती, कधी काही झालं नाही. आता मात्र दुपार झाली की डोकं फुटायले लागे, उलट्या होत, हात थरथरत. मंगळवारी सकाळी कॉफी पोटात गेली की थोड्या वेळात बाई ठणठणीत. दर सोमवारी हेच!

शेजारी शेवंतामावशी राहायची. विधवा, एकटी, नदीच्या मासोळ्या विकून जगायची. सोमवारी लोक मासोळी खात नाहीत, म्हणून तिले तेवढा एकच दिवस फुरसतीचा. ती आमच्या ओसरीवर येऊन बसे. सासूच्या टाळूवर तेल घाले, डोकं दाबून दे. समजलं न तुम्हाले, पुढं काय झालं असेल?

आजूबाजूच्या बायांनी दोन्हीची सांगड घातली. शेवंता येते त्याच दिवशी दुखते. करणी — हा शब्द आधी कोण बोललं, आठवत नाही. मी नव्हती. पण त्यानं काय होते?

कारण मले माहीत होतं. हो, माहीत होतं! माहेरी एकदा कॉफी सुटली तेव्हा माझंही डोकं असंच धरलं होतं. आणि इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईले सासूचं विचारलं तं तिनं साफ सांगतलं — कॉफीत कॅफीन असते, अंगाले त्याची सवय लागते, एक दिवस नाही भेटलं की डोकं उठते. हळूहळू कमी करा, सुटते. इतकी साधी गोष्ट. घरी येऊन बोलायची तेवढी होती.

काहून नाही बोलली? भ्याली. पाजणारी मीच न! नवी सून, कूस उजवली नव्हती. म्हणतील, हिनंच काहीतरी पाजलं म्हणून म्हातारी तडफडते. त्या बायांचं बोट माझ्याकडं वळलं तर? आणि तरी रोज कॉफी करतच राहिली.

मग तो सोमवार. सासू खाटेवर विव्हळत होती, ओसरी बायांनी भरली होती, मधात शेवंतामावशी — हातात तेलाची वाटी. एकीनं मलेच विचारलं, "तू घरात असतेस पोरी, तूच सांग. ही आली की दुखते न?"

सगळ्या माझ्याकडं पाहून राहिल्या होत्या. मी — मी हो म्हटलं. तेवढ्यावर थांबली असती तरी... नाही थांबली. कोणी विचारलं नसताना म्हटलं, हिचं तेल लागलं की आईले जास्तच होते.

खोटं होतं ते. त्या तेलानंच तर सासूले जरा झोप लागायची.

त्या दिवसापासून मावशीच्या मासोळ्या कोणी घेईना. तिच्या दारावर गोटे पडू लागले. शेवटी आंधळगावले भाचीकडं निघाली. जाताना आमच्या दारापाशी थांबली. "सूनबाई, तुले तं माहीत आहे न वं, मी काहीच नाही केलं?"

मले तं तिच्याहून जास्त माहीत होतं. मी दार लावून घेतलं.

पुढच्या सोमवारी सासूचं डोकं पुन्हा दुखलं. ओसरी रिकामी होती, मी एकटीच तिच्या उशाशी. "पाहय," सासू कण्हत म्हणाली, "जाता जाता करून गेली रांड."

मी म्हटलं, हो आई.