चौकटीतलं गवत

मानोऱ्याजवळच्या गायरानात मी मीटरभराची चौकट टाकून गवताच्या जाती मोजत होतो. जाती कमी भरल्या तर गायरान पडीक ठरून हातचं जाणार, हे गावात पसरलं होतं. एक म्हातारा बकऱ्या सोडून आला आणि चौकटीतच काठी रोवून उभा राहिला.

"किती भरल्या?"

"नऊ."

तो उकिडवा बसला. खुडलेले बुंधे बोटाने चाचपत गेला.

"अकरा हायेत. दोन जाती बकऱ्याईनं खाल्ल्या. चांगलं असते थेच आधी जाते. तुमी उरलेलं मोजून राह्यले."

पान दिसलं नाही तर जात धरायची नाही, असा आमचा नियम. मी वहीत नऊच लिहिले.

त्याने आकडा वाचला, चौकट उचलली आणि माझ्या हातात दिली.